उशिरा येणाऱ्याची जागा

क्लासमध्ये त्याला सगळे सव्वासात म्हणायचे. अगदी तोंडावर म्हणायचे, आणि त्याला त्याचं काही वाटायचं नाही, कारण खोटं काय होतं त्यात? क्लास सातला सुरू व्हायचा आणि हा माणूस गेली नऊ वर्षं सव्वासातला यायचा. सात-दहाला नाही, सात-वीसला नाही, सव्वासातला. क्लासमधला बेकरीवाला तर म्हणायचा, मी माझं घड्याळ ह्यांच्या पावलांच्या आवाजावर लावतो, कधी पुढं-मागं होत नाही.

क्लास आयकिडोचा होता. म्हणजे जपानी प्रकार, पण त्यात मारामारी फार नाही. समोरच्यानं मनगट धरायचं, आपण वळायचं, आणि तो बिचारा हलकेच जमिनीवर आडवा. मग तो उठतो, आपण त्याचं मनगट धरतो, आणि आपण आडवे. असं दीड तास. टायरच्या दुकानावर एक लांबट हॉल होता, जिन्यात कायम रबराचा वास यायचा, आणि वर गेलं की हिरव्या गाद्या अंथरलेल्या, इतक्या स्वच्छ की पाऊल टाकायला लाज वाटावी. सर सत्तरीचे. आयुष्यभर एका ऑफिसात पुलांचे नकाशे काढायचं काम केलेलं, त्यामुळे सरळ रेघ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दाराबाहेर चपला सुद्धा सरळ रेघेत, टाचा गादीकडे. वाकडी चप्पल दिसली की सर काही बोलायचे नाहीत, स्वतः वाकून सरळ करायचे, आणि ज्याची चप्पल असेल त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

क्लास सुरू करायची एक पद्धत होती, आणि ती पद्धत म्हणजे अर्धा क्लास असं सर मानायचे. सातच्या ठोक्याला सगळ्यांनी रांगेत गुडघ्यांवर बसायचं. सगळ्यात जुना विद्यार्थी उजव्या टोकाला, मग त्याच्यानंतरचा, मग त्याच्यानंतरचा, अगदी कालच आलेला शेवटी डावीकडे. सर पुढे, भिंतीवरच्या जुन्या गुरुजींच्या फोटोकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ. मग उजव्या टोकाचा माणूस ओरडायचा, "मोकुसो", की सगळ्यांनी डोळे मिटायचे. गप्प बसायचं. किती वेळ, ते कुठं लिहिलेलं नव्हतं. ज्यानं डोळे मिटायला लावले तोच जेव्हा "यामे" म्हणेल तेव्हाच उघडायचे. सरांनीसुद्धा. मग फोटोला वाकायचं, सरांना वाकायचं, आणि मग हात-पाय. क्लास संपताना हेच सगळं पुन्हा.

आणि जो उशिरा येईल त्याच्यासाठी वेगळी जागा. दारातून आत आलं की गादीच्या कडेला फरशीची एक पट्टी होती. तिथं गुडघ्यांवर बसायचं आणि थांबायचं. हाक मारायची नाही, खोकायचं नाही. सरांचं लक्ष गेलं की मग सर परवानगी देतील तेव्हा आत. दुसऱ्या ठिकाणी शिकवणारे नुसती मान हलवून मोकळे होतात म्हणे. पण आमचे हे सर, हातातलं काम थांबवायचे, अंगरखा खाली ओढून नीट करायचे, पूर्ण अंग वळवून त्या उशिरा आलेल्याकडे तोंड करायचे, आणि कमरेतून खोल वाकायचे. त्या एकट्यासाठी. आणि तो कपाळ फरशीला टेकवायचा. मग आत यायचं आणि त्या दिवशी रांगेच्या शेवटी बसायचं, मग तुम्ही किती का जुने असेनात.

म्हणून सव्वासात नऊ वर्षं जुना असूनही कायम शेवटी. कालच आलेल्या नवख्याच्याही पलीकडे.

त्याचं काम कवळ्या बनवायचं. दातांच्या डॉक्टरांकडून प्लास्टरचे साचे यायचे, हा मागच्या खोलीत एका दिव्याखाली बसून त्यावर मेण चढवायचा, एकेक दात लावायचा, मग घासून पॉलिश. पंचवीस वर्षं. हजारो तोंडं त्यानं आतून पाहिली होती आणि त्यातला एकही चेहरा पाहिला नव्हता. कुणाचा खालचा जबडा पुढं आहे, कोण झोपेत दात खातं, कोण डाव्या बाजूनंच चावतं, सगळं त्याला कळायचं. रस्त्यात ती माणसं समोरून हसत गेली असती तरी त्याला पत्ता लागला नसता. मालक पुढच्या खोलीत, फोनवर. दिवसभरात मालकाशी बोलणं म्हणजे "ही कधी होईल" आणि "उद्या".

लग्न राहून गेलं होतं. मोठा भाऊ परदेशात, तो महिन्यातून एकदा फोन करायचा आणि दर वेळी तब्येतीला जप म्हणायचा, जसं काही तब्येत शेजारच्यांची आहे. घरी आई. आईचे पाय गेले तेव्हापासून हाच सगळं बघायचा. उचलायचं, बसवायचं, कूस बदलायची. क्लासला तो आला तोच मुळी त्यासाठी, पाठ धरली म्हणून. कुणीतरी सांगितलं की तिथं माणसाला न दुखवता कसं धरायचं ते शिकवतात. शिकला. सहाला काम सुटलं की घर, आईला भरवायचं, गोळ्या, तोंड पुसायचं, मग शेजारच्या मावशी येऊन बसायच्या, आणि हा धावत सुटायचा. पोचायचा तो सव्वासातला. उशीर का होतो हे सगळ्या क्लासला माहीत होतं, आणि सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं.

क्लास संपला की ज्यांनी एकमेकांबरोबर सराव केला ते दोघं दोघं समोरासमोर बसून वाकायचे, ही पण पद्धत. त्याच्याबरोबर बहुतेक वेळा औषधवाली ताई असायची. ती मोठ्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर होती, वयानं त्याच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण तिचा एकूण कारभारच असा की सगळा क्लास तिला ताई म्हणायचा. वाकून झालं की ती विचारायची, "आई कशा आहेत?" आणि तो म्हणायचा, "आहेत तशाच." मग ती काहीतरी सांगायची. टाचांना तेल लावा. पाठीखालची चादर चुरगळू देऊ नका. एवढंच बोलणं. पण मोजून सांगतो, आठवड्यातून तीन दिवस, सोमवार बुधवार शुक्रवार, कुणीतरी त्याला त्याच्या घरचं विचारायचं.

आई गेली त्याला तीन वर्षं झाली होती. आणि हे क्लासमध्ये कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानं ठरवून लपवलं असं नाही हं. आई मार्चमध्ये गेली, दोन आठवडे तो क्लासला आला नाही, आणि मग ज्या दिवशी पहिल्यांदा निघाला तेव्हा सांगायचंच म्हणून निघाला होता. सहाला काम सुटलं. घरी जाऊन करायचं काय? तो सरळ हॉलकडे गेला, साडेसहालाच पोचला. समोर बस स्टॉपवर झाडाआड बाक होता, त्यावर बसला. म्हटलं सात वाजले की वर जाऊ. सात वाजत आले, एकेक जण जिना चढायला लागला. आता वर गेलो तर सगळे म्हणणार, अरे वा, आज वेळेवर, मग आईजवळ कोण आहे? आणि सगळ्यांसमोर, चपला काढता काढता, जिन्यात, ते सांगायचं. त्याला नाही जमलं. तो बसून राहिला. सव्वासातला पाय आपोआप उठले.

वर जाऊन पट्टीवर बसला. सरांनी पाहिलं. सर थांबले, अंगरखा नीट केला, वळले आणि वाकले. नेहमीसारखंच. पण त्या दिवशी त्याला एकदम भरून आलं, कारण दोन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडं पूर्ण वळून बघितलं होतं. मयताला आलेल्या लोकांनीही नव्हतं बघितलं तसं. ते चादरीकडं बघत होते, घड्याळाकडं बघत होते.

आणि शेवटी ताईनं विचारलं, आई कशा आहेत. आणि तोंडातून निघून गेलं, आहेत तशाच.

बस. झालं. एकदा निघालं ते निघालं. बुधवारी सांगू म्हटलं, बुधवारी राहिलं. आणि महिना झाल्यावर सांगायचं म्हणजे महिनाभर का नाही सांगितलं हेही सांगायला लागणार. सहा महिने झाल्यावर तर विचारूच नका. ताईनं एकदा दुकानातून पाठीच्या जखमांचं मलम आणून दिलं, नवीन आलंय, चांगलं आहे म्हणाली. त्यानं घेतलं. घरी जाऊन आईच्या कपाटात ठेवलं. मग दुसरं दिलं. मग तिसरं. कपाट उघडलं की त्या तीन ट्यूबा समोर दिसायच्या आणि तो कपाट बंद करायचा.

तीन वर्षं तो बाकावर बसत होता. साडेसहा ते सव्वासात. त्याला ते सगळं खोटं आहे हे कळत होतं, लाज पण वाटत होती, पण सांगून टाकलं तर काय उरणार होतं? वेळेवर आला असता तर रांगेत सगळ्यांबरोबर एक, सर सगळ्यांना मिळून एकदा वाकणार. आणि ताई काय विचारणार? विचारायला होतंच काय त्याच्याकडे? त्याच्या आयुष्यात दोनच गोष्टी होत्या, कवळ्या आणि आई. कवळ्यांबद्दल कोण विचारतं?

मग एका शुक्रवारी लंबूची बदली झाली. लंबू म्हणजे बँकेतला, क्लासमधला सगळ्यात जुना, उजव्या टोकाला बसून ओरडणारा. त्यानं पेढे-बिढे काही आणले नाहीत, नुसतं सांगितलं की सोमवारपासून मी नसेन, आणि मान खाली घालून उभा राहिला. सर त्याला वाकले. मग सर सव्वासातकडे वळून म्हणाले की आता पहिली जागा तुमची.

त्याला वाटलं चेष्टा करताहेत. पण सर कधी चेष्टा करत नसत. लंबूनंतर जुना हाच. त्यानं पटकन सांगितलं की मला कसं जमणार, माझं ते सातचं. सर म्हणाले ते खरं आहे, आणि विचारात पडले. तेवढ्यात ताई बोलली. म्हणाली, सर, क्लासच साडेसातला करू या ना. ह्यांनी नऊ वर्षं सुरुवातीचं वाकणं पाहिलेलं नाही. एक माणूस नऊ वर्षं आईचं करून येतो, आपण अर्धा तास पुढं सरकायला काय झालं?

बेकरीवाल्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण तो पहाटे तीनला उठून भट्टी पेटवायचा आणि पावणेनऊला त्याला झोप लागली नाही तर दुसऱ्या दिवशी पाव जळायचे. पण तोही म्हणाला, जळू देत हो, लोकांना तसं पण खरपूस आवडतं. बाकीच्यांनी माना हलवल्या. सव्वासात नको नको म्हणत होता, खरंच मनापासून, आणि तो जितका नको म्हणेल तितकं त्यांना वाटायचं, बघा किती भिडस्त माणूस. ठरून गेलं. ताईनं माझ्या घरचं बघते मी म्हणून सांगितलं आणि पट्टा सोडायला लागली.

शनिवार-रविवार त्यानं कसे काढले त्याचं त्याला माहीत. फोन करून सांगावं? सरांकडे फोन होता, क्लासच्या जिन्याखालच्या टपालपेटीवर नंबर होता. त्यानं तो दोनदा फिरवला आणि वाजायच्या आत ठेवला. एक मन म्हणायचं, अरे सोपंय की आता, साडेसातला जायचं, पहिल्या जागेवर बसायचं, आईचं विचारलं की आहेत तशाच. कुणाला काय कळणार आहे? आणि दुसरं मन काही म्हणायचंच नाही. ते नुसतं बेकरीवाल्याचे जळके पाव बघत बसायचं.

सोमवारी तो गेला. बाकावर बसला नाही, सरळ वर गेला. सगळे आधीच आलेले. आणि सगळे त्याच्याकडे बघून हसत होते, लग्नघरात नवरदेवाकडे बघतात तसे. उजव्या टोकाची जागा रिकामी ठेवलेली. तो जाऊन बसला. इतकी वर्षं ती जागा तो लांबून बघत होता. तिथून फोटो किती जवळ दिसतो, हे त्याला माहीतच नव्हतं.

सुरुवातीच्या आधी सर कधी बोलत नसत. त्या दिवशी बोलले. आमच्याकडं तोंड करून गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, "आजपासून वेळ बदलली. का, ते सगळ्यांना माहीत आहे. आज डोळे मिटून बसू तेव्हा ह्यांच्या आईंसाठी बसू. त्यांना आराम पडावा म्हणून." आणि फोटोकडे वळून बसले.

सगळे थांबलेले. आता त्यानं म्हणायचं होतं. दुसरं कुणी म्हणूच शकत नव्हतं. त्यानं म्हटलं, "मोकुसो."

सगळ्यांनी डोळे मिटले.

त्यानंही मिटले. क्लास संपतानाच्या मोकुसोला तो मनात श्वास मोजायचा, साधारण पंधरा व्हायचे, तेवढ्यात लंबू यामे म्हणायचा. त्यानं पंधरा मोजले. डोळे उघडले, तोंड उघडलं, आणि उगाच, काही कारण नसताना, डावीकडे बघितलं. बघायला नको होतं. सगळी रांग डोळे मिटून बसलेली. बेकरीवाल्यानं तर डोळे असे घट्ट आवळले होते, शाळेत देवाची प्रार्थना करणारी पोरं आवळतात तसे, आणि त्याच्या भुवईला पीठ लागलेलं. आणि ताईचे ओठ हलत होते. ती काहीतरी म्हणत होती. त्याच्या आईसाठी. जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि जी तीन वर्षं नव्हतीच.

त्यानं तोंड मिटलं.

वीस श्वास झाले. तीस झाले. खाली टायरच्या दुकानातला हवेचा पंप घरघरला आणि बंद पडला. कुणाचा तरी गुडघा कटकन वाजला. पण एकानंही डोळे उघडले नाहीत. का उघडतील? ज्यानं मिटायला लावले त्यानं उघडा म्हटलेलं नव्हतं. तो म्हणाला नसता तर ही माणसं तशीच बसून राहिली असती, असं त्याला एकदम वाटलं, आणि त्याला त्याची भीतीच वाटली.

"आई नाहीये," तो म्हणाला.

आवाज कसा निघाला काय माहीत, फाटका निघाला. पुढं बोलायलाच लागलं. "तीन वर्षं झाली. मार्चमध्ये गेली ती. मी सांगितलं नाही."

ताईचे ओठ थांबले. सरांची पाठ तशीच, फक्त एक खांदा किंचित खाली आला. आणि कुणीही डोळे उघडले नाहीत. तो वाट बघत बसला. आता कुणीतरी उठेल, कुणीतरी म्हणेल हे काय, मग आम्ही इतके दिवस. कुणी काही म्हणेना. मग त्याच्या लक्षात आलं की त्यांना म्हणताच येत नाहीये. अजून मोकुसो चालू आहे. हे त्याच्याच हातात आहे.

त्यानं पुन्हा डोळे मिटले. आणि मग तो बसला. किती वेळ ते त्याला माहीत नाही. आईला घेऊन गेले त्या दिवसापासून तिच्यासाठी असा कुणाबरोबर तो बसलाच नव्हता. बेकरीवाला नंतर सांगत होता की सात मिनिटं झाली असतील, माझे दोन्ही पाय मेले होते, नुसती नावाला होती बोटं.

"यामे."

डोळे उघडले. फोटोला वाकले, सर वळले, सरांना वाकले. तोच सगळं म्हणत होता, आवाज बसला होता तरी. सर त्याच्याकडं बघून काही बोलतील म्हणून तो थांबला. सर म्हणाले, "जोड्या करा." बस, एवढंच. आणि क्लास सुरू झाला.

ताई समोर आली. तिनं त्याचं मनगट धरलं. आठ वर्षं धरत होती, पण त्या दिवशी असं धरलं की दुसऱ्या दिवशी कामावर मेणाची सुरी धरताना तिथं दुखत होतं. त्यानं वळायचा प्रयत्न केला तर ती हलेचना. एरवी ती छान पडायची. त्या दिवशी दीड तासात एकदाही पडली नाही. त्याला मात्र तिनं वीस-पंचवीस वेळा आपटलं, आणि तो दर वेळी उठला, कारण उठायचं असतं.

शेवटचं वाकणं झालं. दोघं समोरासमोर बसले, पद्धत होती म्हणून. ती वाकली, तो वाकला. ती उठून गेली. काही विचारलं नाही.

बेकरीवाला पट्टा गुंडाळत जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मग आता सातच ना? म्हणजे मला झोपता येईल." त्यानं मान हलवली. बेकरीवाल्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथं पांढरा पंजा उमटवून तो निघून गेला. सर चपला सरळ करत होते. त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं की बुधवारपासून पुन्हा सात, आणि पहिली जागा ह्यांचीच, वेळेवर यावं. रागावले होते का, दुःख झालं होतं का, काही कळायला मार्ग नाही. असल्या माणसांचं हेच वाईट असतं.

जिन्यात त्यानं ताईला गाठलं. माफ करा म्हणाला. ती दोन पायऱ्या खाली होती, वळली, आणि त्याला वाटलं ती आता भडकणार. पण ती भडकली नाही. ती थकल्यासारखी म्हणाली, "मग आता मी काय विचारू तुम्हाला?"

ती थांबली थोडी, खरंच थांबली, आणि मग गेली.

मंगळवारी दिवसभर हेच डोक्यात. वरचे बारा दात लावायचे होते एका साच्यावर, त्यानं दोन सुळे उलटे लावले, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. काय विचारू तुम्हाला. बरोबर होतं तिचं. तिनं काय विचारावं, ह्याची त्यानं मनात यादी करायला घेतली. पाठ कशी आहे? बरी आहे. काम कसं चाललंय? चाललंय. भाऊ काय म्हणतो? तब्येतीला जप म्हणतो. तीन प्रश्नांत सगळा माणूस संपला. त्याला हसू पण आलं आणि मग नाही आलं. मालक आत येऊन म्हणाला, ही कधी होईल, तो म्हणाला, उद्या.

बुधवारी जाऊच नये असं फार वाटलं. सहाला काम सुटलं आणि तो घराच्या दिशेनं चार दुकानं चालत पण गेला. मग फिरला. आपण पहिल्या जागेवर नसलो तर मोकुसो म्हणणार कोण, सगळे डोळे उघडे ठेवून बसतील, असला काहीतरी वेडा विचार. वर पोचला तेव्हा साडेसहाच वाजले होते. हॉलमध्ये एकटी ताई होती, गाद्या झाडत होती. क्लासच्या आधी जुन्यांनी गाद्या झाडायच्या, हीसुद्धा पद्धत. नऊ वर्षांत त्यानं एकदाही झाडल्या नव्हत्या, कारण झाडायच्या वेळेला तो कधी आलाच नव्हता. तीन वर्षं तर समोर बाकावर बसून असायचा, आणि वर ही झाडत असायची.

कोपऱ्यात दुसरा झाडू होता. तो घेतला. ती दाराकडून झाडत येत होती, त्यानं फोटोकडून सुरुवात केली. माफीचं एक वाक्य त्यानं पाठ करून आणलं होतं, चांगलं लांबलचक, येताना रस्त्यानं चार वेळा घोकलेलं. मधोमध दोघं जवळ आले. त्यानं तोंड उघडलं आणि ते वाक्य काही आलं नाही. भलतंच आलं.

"ताई, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

तिचा झाडू थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं, चेष्टा आहे का खरं विचारतोय ते बघत होती बहुतेक.

"आठ वर्षांनी विचारताय."

"हो."

ती परत झाडायला लागली. त्याला वाटलं, संपलं. मग ती खाली बघतच बोलायला लागली. म्हणाली, सासरे आणि मी. बाकी कुणी नाही, नवरा गेला त्याला पुष्कळ वर्षं झाली. सासऱ्यांना उठता येत नाही. रात्री नवाच्या आत इंजेक्शन लागतं. क्लास साडेसातला गेला तर मी वेळेत पोचत नाही, म्हणून मग समोरच्या घरच्या बाईंना शिकवलं, सुई कशी धरायची, कुठं टोचायची. सोमवारी त्यांनीच दिलं. पहिलीच वेळ, हात थरथरला त्यांचा. दंड सगळा निळा झालाय म्हाताऱ्याचा.

म्हणजे सोमवारी ती तिकडून येऊन, ते सगळं तसं टाकून, इथं डोळे मिटून त्याच्या आईसाठी पुटपुटत बसली होती. माफ करा म्हणायचं होतं आणि ते इतकं लहान वाटलं की त्यानं म्हटलंच नाही. झाडू हातात धरून तो उभा राहिला.

"डावा का उजवा?" त्यानं विचारलं.

"डावा."

"कोमट पाण्याचं फडकं ठेवा त्यावर. चोळू नका. आईचा दंड असाच व्हायचा, शेवटी शेवटी तर दोन्ही. नर्स आली की मी आधीच पाणी ठेवायचो तापत."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "औषधांच्या दुकानात असते मी."

तो मान खाली घालून झाडायला लागला, झाडलेलंच पुन्हा झाडत होता. ती झाडत झाडत पार खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत गेली, कचरा सुपलीत घेतला. खाली जिन्यात कुणीतरी चपला काढत होतं. तिनं मागं वळून बघितलं नाही, तिथूनच विचारलं,

"किती दिवस राहायचं हो आईंचं निळं?"

"आठ दिवस," तो म्हणाला. "कधी कधी दहा."